सणाचे मूळ आणि सणाचा भाव

इ. स. ६०१ च्या उन्हाळ्यात रोमहून इंग्लंडकडे निघालेल्या मेलिटस नावाच्या मठाधिपतीच्या हाती प्रवासातच एक पत्र पडले. पत्र पोप पहिला ग्रेगरी याचे होते. चार वर्षांपूर्वी ऑगस्टीन हा धर्मप्रचारक इंग्लंडच्या केंट राज्यात उतरला होता. तेथील राजा एथेलबर्ट याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, आणि आता प्रजेच्या जुन्या देवळांचे व जुन्या उत्सवांचे काय करावे, हा प्रश्न उभा होता. काही आठवड्यांपूर्वीच ग्रेगरीने राजाला ती देवळे पाडून टाकण्याचा उपदेश केला होता. मेलिटसला लिहिताना मात्र त्याचा विचार पालटलेला दिसतो. देवळे पाडू नयेत. आतील मूर्ती तेवढ्या नाहीशा कराव्यात, पवित्र जल शिंपडावे आणि तेथेच ख्रिस्ती वेदी उभारावी, असे त्याने कळवले. लोक आपल्या देवांपुढे बैल बळी देऊन उत्सव करतात. तो उत्सवही बंद न करता हुतात्म्यांच्या स्मरणदिनी चर्चभोवती फांद्यांचे मांडव घालून करू द्यावा, पशू देवतेला अर्पण न करता भोजनासाठी मारावेत आणि ईश्वराचे आभार मानावेत, अशी मुभा त्याने दिली. हट्टी मनातून सारे काही एका झटक्यात काढता येत नाही, उंच जागी जाणारा पायरीपायरीनेच चढतो, हे त्यामागचे कारण.

बीड नावाच्या इंग्रज भिक्षूने इ. स. ७३१ मध्ये पूर्ण केलेल्या इतिहासग्रंथात हे पत्र जपून ठेवले, म्हणून ते आज वाचता येते. आज जगभर साजरे होणारे नाताळ, ईस्टर, हॅलोविन हे सण घडले कसे, हे समजून घेण्याची ही एक किल्लीच आहे.

व्यापारानिमित्त देशोदेशी पसरलेल्या जैन कुटुंबांसाठी हा विषय केवळ कुतूहलाचा राहिलेला नाही. इंग्लंड-अमेरिकेतील नातवंडे डिसेंबरात घरी वृक्ष सजवण्याचा हट्ट धरतात. इकडे शाळांतून नाताळ साजरा होतो आणि पेठेतील दुकानांवर चांदण्या लटकतात. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘हा आपला सण नव्हे.’ तरुण पिढी उत्तर देते, ‘मुळात तो ख्रिस्ती लोकांचा तरी कुठे आहे? तो तर त्याही आधीच्या मूर्तिपूजकांचा!’ दोन्ही पक्ष सणाचे मूळ शोधतात आणि मूळ सापडले की निकाल लागला, असे मानतात. हा निकाल खरेच इतका सोपा आहे का, हे इतिहासाच्या आधारे तपासून पाहण्यासारखे आहे.

‘नाताळ’ या शब्दाचा प्रवास

मराठीतील ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला. पोर्तुगीज ‘नाताल’च्या मागे लॅटिन ‘नातालिस’ हा शब्द आहे. त्याचा अर्थ जन्मदिवस. याच शब्दाचे आद्याक्षर रोममध्ये इ. स. ३५४ साली तयार झालेल्या एका सचित्र पंचांगात २५ डिसेंबरच्या नोंदीत आढळते. पण तेथे जन्मदिवस आहे तो ‘अजिंक्य’ म्हणून गौरवलेल्या देवाचा, म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते सूर्यदेवाचा. या ‘अजिंक्य सूर्या’चे भव्य मंदिर सम्राट ऑरेलियनने इ. स. २७४ मध्ये रोममध्ये उभारले होते. विशेष म्हणजे त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या भागात, हुतात्म्यांच्या स्मरणदिनांच्या यादीत, त्याच तारखेला बेथलेहेम येथे ख्रिस्ताचा जन्म झाल्याची नोंद आहे. एका बांधणीत दोन जन्मदिवस, एकाच तारखेला.

रोमन गणनेनुसार २५ डिसेंबर हा उत्तरायणाचा दिवस मानला जाई. सर्वांत मोठी रात्र सरून दिवस वाढू लागण्याचा तो काळ सूर्याचा जन्मदिन ठरावा, हे स्वाभाविकच होते. चर्चने हाच दिवस मुद्दाम उचलला, असे अनेक इतिहासकार मानतात. दुसरा एक पक्ष मात्र असे दाखवतो की, ख्रिस्ताचा मृत्यू आणि त्याची गर्भधारणा एकाच तिथीला, २५ मार्चला झाली, अशी प्राचीन ख्रिस्ती लेखकांची समजूत होती. त्यात नऊ महिने मिळवले की २५ डिसेंबर येतो. हा वाद अद्याप मिटलेला नाही. बायबलमध्ये जन्माची तारीख दिलेली नाही, एवढे मात्र निश्चित.

तारखेचा वाद बाजूला ठेवला, तरी नाताळाच्या वातावरणावर आणखी एका रोमन उत्सवाची छाया पडलेली दिसते. १७ डिसेंबरला सुरू होऊन पुढे काही दिवस चालणारा ‘सॅटर्नेलिया’ हा सॅटर्न या कृषिदेवतेचा उत्सव होता. त्या दिवसांत न्यायालये व शाळा बंद असत, एरवी निषिद्ध असलेल्या जुगाराला मोकळीक मिळे, आणि गुलामांना मालकांच्या पंगतीत बसता येई. काही घरांत मालक स्वतः वाढत असत. लोक एकमेकांना मेणबत्त्या आणि मातीच्या लहान मूर्ती भेट देत. त्या मूर्तींचा खास बाजार भरे. मार्शल या कवीने तर या भेटवस्तूंसोबत जोडण्याजोग्या दोन-दोन ओळींच्या मजकुरांची पुस्तकेच रचली. व्यापारी वाचकांना आणखी एक गोष्ट रंजक वाटेल: रोमन राज्याचा खजिना याच सॅटर्नच्या मंदिरात ठेवलेला असे. डिसेंबर, दिवे, भेटी आणि बाजार यांची सांगड दोन हजार वर्षांपूर्वीही घातलेली होती.

थंडी, चारा आणि मेजवानी

उत्तर युरोपातील हिवाळा रोमपेक्षा कितीतरी कठोर. तेथील जर्मानिक लोकांचा हिवाळी उत्सव ‘यूल’ या नावाने ओळखला जाई. स्कँडिनेव्हियन भाषांत नाताळाला आजही याच शब्दाची रूपे वापरतात. दहाव्या शतकात नॉर्वेचा राजा हाकोन हा इंग्लंडमध्ये वाढलेला आणि ख्रिस्ती झालेला होता. त्याने कायदा करून यूल आणि नाताळ एकाच वेळी साजरे करण्याचा आदेश दिला, असे तेराव्या शतकातील आइसलँडचा इतिहासकार स्नोरी सांगतो. त्याच वृत्तान्तानुसार शेतकऱ्यांनी मात्र राजाला आपल्या बळीच्या मेजवानीत भाग घेण्यास भाग पाडले आणि घोड्याच्या मांसाचा घास त्याच्या गळी उतरवला. राजाने तारीख बदलली. प्रजेने रीत बदलू दिली नाही.

या मेजवानीच्या मुळाशी एक साधे आर्थिक कारण होते. हिवाळ्यात गवत उगवत नसे आणि साठवलेला चारा सगळ्या गुरांना पुरत नसे. म्हणून थंडीच्या तोंडावर बरीच जनावरे मारली जात. प्राचीन इंग्रजांच्या महिन्यांची माहिती देताना बीडने नोव्हेंबरचे जुने नाव दिले आहे. त्याचा अर्थ ‘रक्तमास’ असा होतो, कारण मारावयाची गुरे त्या महिन्यात देवांना अर्पण केली जात. म्हणजे आधी चाऱ्याची टंचाई, त्यातून हत्या, हत्येला धार्मिक रूप देण्यासाठी देवता, आणि पुढे देवता गेल्यावरही उरलेली मेजवानी, असा हा क्रम आहे. नाताळाच्या पाश्चात्त्य थाळीत मांसाला जे स्थान मिळाले, त्याचे एक मूळ ख्रिस्ताच्या उपदेशात नसून गोठ्यातील रिकाम्या गव्हाणीत आहे.

उलट जी गोष्ट हमखास ‘मूर्तिपूजकांची’ म्हणून सांगितली जाते, ती सजवलेल्या वृक्षाची चाल तेवढी जुनी नाही. हिवाळ्यात सदाहरित फांद्यांनी घर सजवणे प्राचीन आहे खरे. पण घरात आणून सजवलेल्या वृक्षाच्या स्पष्ट नोंदी सोळाव्या-सतराव्या शतकांतील जर्मनभाषी प्रदेशातील आहेत. १६०५ मधील स्ट्रासबर्गच्या एका नोंदीत दिवाणखान्यात देवदारासारखा वृक्ष उभारून त्यावर कागदी गुलाब, सफरचंदे आणि मिठाई लटकवल्याचे वर्णन आढळते. व्हिक्टोरिया राणी आणि प्रिन्स अल्बर्ट यांचे कुटुंब अशा वृक्षाभोवती उभे असल्याचे चित्र १८४८ मध्ये लंडनच्या सचित्र साप्ताहिकात छापून आले, आणि ही चाल इंग्रजी घरांत झपाट्याने पसरली. त्याआधी पाचच वर्षे, १८४३ मध्ये, हेन्री कोल याने नाताळाचे छापील शुभेच्छापत्र एक शिलिंग किमतीला विक्रीस आणले होते. म्हणजे ज्याला आज ‘परंपरा’ म्हणतात, त्यात छापखान्याचा आणि पेठेचा वाटाही मोठा आहे.

ईस्टर, हॅलोविन आणि काही गैरसमज

ईस्टरची कथा याहून गमतीची आहे. हा ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा सण. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेशी त्याची सांगड असल्याने त्याची तारीख दरवर्षी बदलते. चांद्रतिथी पाळणाऱ्या भारतीयांना हे नवलाचे वाटणार नाही. बहुतेक युरोपीय भाषांत या सणाचे नाव ज्यूंच्या ‘पेसाह’ या सणावरून आले. इंग्रजी नाव मात्र इओस्त्रे या देवतेवरून पडले, असे बीड म्हणतो: या देवतेचा उत्सव ज्या महिन्यात होई त्या महिन्याला तिचे नाव होते, आणि नवा सण जुन्या नावानेच ओळखला जाऊ लागला. या देवतेविषयी प्राचीन लेखी पुरावा एवढाच. तिने एका पक्ष्याचा ससा केला आणि तो अंडी घालू लागला, ही लोकप्रिय कथा एकोणिसाव्या शतकापलीकडे जात नाही. अंडी आणणाऱ्या सशाचा ठाऊक असलेला पहिला लेखी उल्लेखही १६८२ मधील एका जर्मन वैद्याच्या ग्रंथातील आहे.

रंगवलेल्या अंड्यांमागे मात्र उपवासाचे गणित दिसते. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या व्रतात मध्ययुगीन ख्रिस्ती लोकांना मांस, दूध आणि अंडी वर्ज्य असत. वसंतात कोंबड्या अंडी देत राहत आणि साठा वाढत जाई. व्रत सुटले की ती अंडी वाटली जात, रंगवली जात. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या १२९० च्या घरखर्चाच्या वहीत, सोन्याचा वर्ख लावण्यासाठी व रंगवण्यासाठी घेतलेल्या ४५० अंड्यांचे अठरा पेन्स खर्ची पडलेले आहेत. सणाचे अध्यात्म काहीही असो, त्याचा हिशेब कोणीतरी नेहमीच लिहून ठेवतो.

३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनचे नाव ‘सर्व संतांच्या दिवसाची पूर्वसंध्या’ या अर्थाचे आहे. आयर्लंडमध्ये १ नोव्हेंबरला ‘साउइन’ हा हिवाळ्याच्या आरंभाचा दिवस असे. उन्हाळी कुरणांतून गुरे परत येत, सभा भरत, आणि त्या रात्री अदृश्य शक्तींचा संचार असतो असे मानले जाई. त्यामुळे चर्चने हाच दिवस संतांना वाहिला, असे सर्रास लिहिले जाते. परंतु ब्रिटिश इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी एक महत्त्वाची गोष्ट निदर्शनास आणली आहे: इ. स. ८०० च्या सुमारास इंग्लंड आणि जर्मनीतील चर्च हा संतदिन १ नोव्हेंबरला पाळत होते, तर खुद्द आयर्लंडमधील चर्च तो एप्रिलमध्ये पाळत होते. दिव्यांचीही कथा अशीच. आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये सलगम कोरून त्यात दिवा ठेवण्याची चाल होती. तेथून अमेरिकेत गेलेल्या लोकांना तिकडे मोठे भोपळे मिळाले आणि सलगमाची जागा भोपळ्याने घेतली.

‘व्हॅलेंटाईन डे’ तर रोमनांच्या ‘लुपरकेलिया’ या उत्सवातूनच निघाला, असे छातीठोकपणे सांगितले जाते. १५ फेब्रुवारीच्या त्या उत्सवात बोकड आणि कुत्रा यांचा बळी दिला जाई, आणि पाचव्या शतकाच्या अखेरीस पोप गेलॅसियसने त्याला कडाडून विरोध केला, हे खरे. पण त्या उत्सवाचा संत व्हॅलेंटाईनच्या दिवसाशी थेट धागा जुळत नाही. प्रेमिकांशी या दिवसाचा संबंध चौदाव्या शतकात, इंग्रज कवी चॉसर याच्या काळापासून दिसू लागतो.

इतिहासाचा कौल असा मिश्र आहे. काही चालीरीती खरोखरच ख्रिस्ती धर्मापूर्वीच्या आहेत, काही चर्चच्या उपवासांतून उपजल्या, आणि काही छापखान्याने व पेठेने कालपरवा घडवल्या.

ज्यांनी केवळ मूळच पाहिले

सणाच्या मुळावरून त्याचा निकाल लावण्याचा प्रयोग इतिहासात एकदा मोठ्या प्रमाणावर झाला आहे. सतराव्या शतकातील प्युरिटन पंथीयांचे म्हणणे असे की, बायबलमध्ये नाताळाची आज्ञा नाही, तो मूर्तिपूजकांच्या उत्सवातून आला आहे आणि त्यात मद्यपान व जुगार माजतो; म्हणून तो त्याज्य. १६४७ मध्ये इंग्लंडच्या संसदेने नाताळ, ईस्टर आणि तत्सम सण रद्द केले. नाताळाच्या दिवशी बाजार नेहमीप्रमाणे भरला पाहिजे, असा आग्रह धरला गेला. त्याची झळ पहिल्यांदा लागली ती व्यापाऱ्यांना. त्या वर्षी कँटरबरी शहरात महापौरांच्या हुकुमानुसार काही दुकानदारांनी २५ डिसेंबरला दुकाने उघडली. संतप्त जमावाने त्यांचा माल रस्त्यावर फेकला आणि शहरभर दंगल उसळली. ज्या कँटरबरीत ऑगस्टीनने आपले पीठ स्थापले होते, तेथेच साडेदहा शतकांनी हे घडावे, हा योगायोगही बोलका आहे.

अटलांटिकपलीकडे मॅसॅच्युसेट्स वसाहतीने १६५९ मध्ये नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठरवला. तो कायदा १६८१ मध्ये मागे घेतला गेला. इंग्लंडमधील बंदीही १६६० मध्ये राजेशाही परतल्यावर संपली. स्कॉटलंडमध्ये मात्र सुधारणावादी चर्चचा प्रभाव इतका टिकला की, तेथे नाताळची सार्वजनिक सुटी १९५८ साली आली.

मद्य आणि जुगार यांना प्युरिटनांचा विरोध होता, त्यात गैर काहीच नव्हते. त्यांचे चुकले ते निकषात. सणाचे मूळ अशुद्ध म्हणून सारा सणच अशुद्ध, असे ठरवल्यावर त्यातील भेट, दान, आप्तांचे एकत्र येणे आणि दिव्यांचा आनंदही त्यांना दंडनीय वाटू लागला. सामान्य माणसाने ते मान्य केले नाही.

सोमदेवांची कसोटी, यशोधराचा कोंबडा

परक्या चालीरीतींमध्ये राहून स्वधर्म कसा सांभाळावा, हा प्रश्न जैन समाजापुढे युरोपच्याही आधीपासून उभा होता. बहुसंख्य समाजात व्यापार करणाऱ्या, त्याच गावच्या जत्रांत आणि लग्नांत वावरणाऱ्या श्रावकाला तो रोजच भेटे. आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त लोकमूढतेविषयी, म्हणजे लोक करतात म्हणून धर्म समजून आंधळेपणाने केलेल्या कृत्यांविषयी, सावध केले आहे. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याच्या काळात, शके ८८१ म्हणजे इ. स. ९५९ मध्ये, आचार्य सोमदेवांनी ‘यशस्तिलक’ पूर्ण केले. त्यातील श्रावकाचाराच्या भागात त्यांनी या प्रश्नाचे अत्यंत व्यवहार्य उत्तर दिले: लौकिक विधी जैनांना मान्य असण्यास हरकत नाही, मात्र त्याने सम्यक्त्वाची हानी होता कामा नये आणि व्रताला दोष लागता कामा नये.

सोमदेवांनी विधीचे कूळ विचारले नाही. विचारल्या त्या दोनच गोष्टी: श्रद्धा ढळते का? व्रत मोडते का?

पण या कसोटीचा सोयीस्कर अर्थ कोणी लावू नये, म्हणून की काय, याच ग्रंथाची मुख्य कथा एक कठोर इशारा देते. राजा यशोधराला अशुभ स्वप्नाच्या परिहारासाठी पशुबळी देण्याचा आग्रह त्याची माता करते. राजा हिंसेला नकार देतो. अखेर मायलेकांत तडजोड होते आणि पिठाचा कोंबडा करून देवीपुढे त्याचा बळी दिला जातो. रक्ताचा थेंबही सांडला नाही. तरी ‘मी मारतो’ हा संकल्प झालाच होता. त्या संकल्पाचे फळ म्हणून दोघांना पशुपक्ष्यांच्या योनींत जन्मामागून जन्म भोगावे लागतात. ही कथा संस्कृत, प्राकृत, अपभ्रंश, कन्नड अशा अनेक भाषांत सांगितली गेली आणि मेघराजाच्या ‘जसोधर रासा’तून जुन्या मराठीतही आली.

ही कथा ग्रेगरीच्या पत्राशेजारी ठेवून पाहावी. ग्रेगरीने भाव बदलला आणि कृती राहू दिली: बैल देवतेसाठी न मारता भोजनासाठी मारावा. यशोधराने कृती बदलली आणि भाव राहू दिला: कोंबडा जिवंत नको, पिठाचा चालेल. जैन दृष्टीला दोन्ही अपुरे वाटतात. पहिल्या तडजोडीत बैलाचा जीव गेलाच. ईश्वराचे आभार मानल्याने त्याची वेदना कमी झाली नाही. दुसरीत जीव वाचला, पण मारणाऱ्याचे मन होते तसेच राहिले. द्रव्यहिंसा आणि भावहिंसा हा शास्त्रातील भेद सणांच्या बाबतीत असा प्रत्यक्ष उभा राहतो. चाल आपलीशी करायची, तर कृती आणि भाव दोन्ही शुद्ध व्हावे लागतात.

आपल्या दिवाळीचे उदाहरण

हे दोन्ही साधते, याचा पुरावा जैन घरांत दरवर्षी तेवतो. भगवान महावीरांचे पावापुरी येथे निर्वाण झाले, तेव्हा भावप्रकाश मावळला म्हणून द्रव्यप्रकाश करू, या विचाराने काशी-कोसलच्या अठरा गणराजांनी दिवे लावले, असे ‘कल्पसूत्र’ सांगते. इ. स. ७८३ मध्ये पूर्ण झालेल्या जिनसेनांच्या ‘हरिवंशपुराणा’त निर्वाणाच्या स्मरणार्थ होणाऱ्या दीपालिकेचा उल्लेख आहे. शेजारी याच अमावास्येला लक्ष्मीपूजन करत असताना जैन पेढीवरही वहीपूजन होते. पण वहीच्या पहिल्या पानावर गौतमस्वामींची लब्धी आणि शालिभद्राची ऋद्धी यांचे स्मरण लिहिण्याची चाल अनेक व्यापारी घराण्यांनी जपली. दुकान तेच, दिवा तोच, मुहूर्तही तोच. स्मरण मात्र अशा पुरुषांचे, ज्यांनी अखेर सर्वस्वाचा त्याग केला. त्या दिवशी फटाक्यांच्या आगीत असंख्य सूक्ष्म जीव होरपळतात, म्हणून ते वर्ज्य करण्याचा उपदेश साधुसाध्वी वर्षानुवर्षे करत आल्या, तोही याच शुद्धीचा भाग.

हीच कसोटी मग घरच्या इतर चालींनाही लावावी लागते, आणि तेथे ती बोचते. नव्या दुकानाच्या मुहूर्ताला किंवा दसऱ्याला उंबऱ्यावर कोहळा फोडला जातो. कोहळा ही भाजी असली, तरी ती तेथे बळी म्हणूनच उभी असते. त्यावर कुंकू लावले जाते ते उगाच नव्हे. हॅलोविनचा कोरलेला भोपळा पाहून ‘परक्यांचे खूळ’ म्हणणाऱ्या घराने आपल्या उंबऱ्यावरील कोहळ्याकडे एकदा पाहावे आणि यशोधराचा पिठाचा कोंबडा आठवावा. भोपळ्यात दिवा ठेवणारे मूल कोणाला मारण्याचा संकल्प करत नाही. कोहळा फोडणारा हात कोणता संकल्प करतो, याचे उत्तर ज्याचे त्याने द्यावे.

नाताळाचेही असेच. वृक्षावर दिवे लावल्याने कोणाचे सम्यक्त्व ढळत नाही. शेजाऱ्याच्या आनंदात सहभागी होणे हे मैत्रीभावनेला धरूनच आहे. पण त्या दिवशीच्या केकमधील अंडे, जेलीमधील प्राणिज जिलेटिन, मेजवानीतील मद्य आणि मुळापासून तोडून आणलेले झाड, येथे व्रताचा प्रश्न उभा राहतो आणि तेथे ‘सगळेच करतात’ हे उत्तर चालत नाही. पेठेत नाताळाचा माल विकणाऱ्यालाही हा प्रश्न चुकत नाही. चांदण्या, दिवे, मिठाई, खेळणी यांच्या व्यापारात दोष नाही; कोणत्या मालाला हात लावायचा नाही, हे मात्र व्यापाऱ्याने सण येण्याआधीच ठरवलेले असावे.

इंग्लंडमधील लेस्टर शहरात ऑक्सफर्ड स्ट्रीटवर एक जैन मंदिर आहे. आत कोरीव स्तंभ आहेत, जिनप्रतिमा आहेत आणि निरनिराळ्या जैन संप्रदायांना एकाच छताखाली जागा आहे. १९८८ मध्ये तेथे प्रतिष्ठा महोत्सव झाला. ही वास्तू मुळात एक ख्रिस्ती प्रार्थनामंदिर होती. ग्रेगरीने ज्या देशात जुन्या देवळांची चर्च करण्याची सूचना केली, त्याच देशात तेरा शतकांहून अधिक काळानंतर एका चर्चचे देरासर झाले. येथे कोणाची मूर्ती हटवावी लागली नाही आणि कोणाचा उत्सव बळकवावा लागला नाही. स्थलांतरित कुटुंबांनी रिकामी वास्तू घेतली आणि तिला नवा अर्थ दिला.

त्या मंदिरात येणारी मुले डिसेंबरात शाळेच्या नाताळ समारंभालाही जातात. घरी परतल्यावर ती विचारतील, ‘हा सण आपला आहे का?’ सॅटर्नेलिया, यूल आणि ३५४ चे पंचांग त्यांना जरूर सांगावे. इतिहास माहीत असलेला बरा. मात्र उत्तर तेथे संपत नाही. ताटात काय आहे आणि मनात काय आहे, हे दोन प्रश्न मुलांना स्वतःला विचारता येऊ लागले, तर कोणत्याही देशातील कोणत्याही सणात ती निःशंकपणे उभी राहू शकतील.